पिवळ्या अक्षरांचं लग्न

प्रिय अक्का,

चार ओळी मोबाईलवर टाकता आल्या असत्या, पण तुमच्या घरचा मोबाईल असतो दाजींच्या खिशात, दाजी असतात मंदिराच्या रस्त्यावर प्रसादाच्या दुकानात, आणि तू असतेस माणसांच्या गराड्यात. समोर बसून बोलावं तर तुझी तक्रार, "भारत, तुझ्या मिशीत निम्मे शब्द अडकून राह्यलेत." म्हणून कागद घेतला. मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहितोय, अक्षर वाकडंतिकडं येणार. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या माणसाच्या बोटांना तांब्याच्या तारेची सवय, पेनाची नाही. पण आज हातात निवांत वेळ आहे आणि मन इतकं भरून आलंय की कुणाशी तरी पोटभर बोलल्याशिवाय राहवणार नाही. ते कुणीतरी तूच.

आमच्या लग्नाची डीव्हीडी तू पाहिलीस त्या दिवशी मला विचारलं होतंस, "हे कुणी केलं? कसं केलं?" मी नुसतं "केलं कसंतरी" म्हणून हात हलवला. तेव्हा तुझ्या घरात माणसंच इतकी जमली होती, आणि सगळे एकदम बोलत होते. आज सगळं सांगतो. त्यासाठी जरा मागं जावं लागेल, तुझ्या त्या तापापर्यंत. तो विषय आपण दोघंही टाळतो, हे मला माहीत आहे. पण आज त्याचा चटका लागत नाहीये, म्हणून लिहितो.

तापातून तू उठलीस आणि कान गेले. तुझे कान जाणं म्हणजे काय, हे तुमच्या राजूरच्या लोकांना विचारावं. चतुर्थीला दुकानाच्या गल्ल्यावर तू बसलेली असलीस की कुठल्या गावच्या बाईनं कशाचा नवस बोललाय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा बोअर आटला, सगळं तुला ठाऊक असायचं. लोक नारळ दुसऱ्या दुकानातून घ्यायचे आणि गप्पा मारायला तुझ्याकडे यायचे, असं दाजी चिडून सांगायचे. तीर्थपुरीला माहेरी आलीस की आपल्या ओट्यावर बायकांना बसायला जागा पुरायची नाही. आणि मग माझ्या साखरपुड्यात प्रीतीच्या मावशीनं तुला साडी कुठून घेतली म्हणून विचारलं, आणि तू म्हणालीस, "वरण जरा पातळ झालं, बाकी बराबर हाये." बायका हसल्या. कुणी वाईट मनानं हसलं असं नाही, पण तू ताट तसंच ठेवून उठलीस. लग्नाला आलीच नाहीस. डोकं दुखतंय म्हणून दाजी एकटेच आले. हार घालायच्या वेळी मी नवरीकडे बघायचं सोडून मांडवाच्या दाराकडे बघत होतो. प्रीती मला अजून चिडवते, की माझा नवरा हार घालताना पळून जायची वाट शोधत होता.

लग्नानंतर दाजींनी तुला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. तू थोडा पाहिलास आणि मोबाईल परत दिलास. "नुसती तोंडं हलवून राह्यलेत. मला माशांचं लग्न दाखवलं का?" असं म्हणालीस. दाजींनी ते आमच्याकडे आल्यावर हसत हसत सांगितलं. मी हसलो, आई हसली. प्रीती हसली नाही. दाजी गेल्यावर म्हणाली, "माझी एकच नणंद, आणि तिला माझा आवाज म्हाईत न्हाई. सिनेमाच्या खाली अक्षरं येतात, मंग आपल्या लग्नाच्या खाली का येऊ नये?" नवी नवरी, घरात येऊन महिना झाला नव्हता. तिनं टायपिंगची परीक्षा दिलीय हे मला माहीत होतं, पण ती एखाद्या गोष्टीच्या मागं लागली की काय होतं, ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

आता अडचण ही की अक्षरं घातली तरी ती तू बघणार कशावर? मोबाईलच्या पडद्यावर तुला मुंग्या दिसतात. तुमचा टीव्ही तो पेटीसारखा, त्याला पेनड्राइव्हचं भोक नाही. पण त्याच्याखाली दाजींनी तुमची आकांक्षा लहान असताना घेतलेला डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो चालू आहे, हे प्रीतीनं दाजींकडून काढून घेतलं. म्हणजे डीव्हीडीच करायला पाहिजे. मी जालन्यात दोन-तीन दुकानांत विचारलं. एकानं तर मला निरखून बघितलं आणि म्हणाला, "काका, डीव्हीडी? आता कोण बघतं?" काका म्हणाला, ते जास्त लागलं.

शेवटी आपला राधेश्याम कामाला आला. आठवतो ना, बसस्टँडमागं ज्याची सीडीची लायब्ररी होती? आता मोबाईलचे कव्हर विकतो. त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर होता, त्यात डीव्हीडी रायटर होता आणि माळ्यावर कोऱ्या डिस्कचा एक अख्खा डबा. मी काम सांगितल्यावर त्याचा चेहरा असा खुलला जणू त्याचंच लग्न ठरलंय. "भारत यार, बिलकुल फिकीर करू नको, एका चहात काम होतंय," म्हणाला. त्या चहाचे किती चहा झाले, ते चहावाल्यालाच ठाऊक.

पहिल्या दिवशी त्यानं कॅमेरावाल्यानं दिलेल्या पेनड्राइव्हमधल्या फाइली जशाच्या तशा डिस्कवर उतरवून दिल्या. आपल्या शेजारच्या नंदाबाईंकडे भजनं लावायचा जुना प्लेअर आहे, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. तिथं लावून बघितली तर प्लेअर नुसता गरगरला आणि गप्प. मग राधेश्यामला आठवलं, की कॉम्प्युटरला कळणारी फाइल जुन्या प्लेअरला कळत नाही. त्याला त्याच्या भाषेत बदलून द्यावी लागते, आणि मगच डिस्कवर जाळायची. 'जाळायची' हा शब्द ऐकून आई घाबरली. "लग्नाचं काय जाळून राह्यलात रे?" म्हणाली. तिला समजावलं, की डिस्क लिहिण्यालाच तसं म्हणतात, आत उजेडाची सुई असते, ती कोरत जाते.

दुसरी डिस्क लागली, पण सगळी माणसं उसासारखी उंच आणि बारीक दिसायला लागली. व्हिडिओ रुंद आणि टीव्ही चौकोनी, म्हणून तसं. माझे सासरे मुळात उंच, ते तर मांडवाच्या वर गेल्यासारखे दिसत होते. ते नीट केलं, तर अख्खं लग्न एकाच डिस्कवर कोंबल्यामुळं चेहऱ्यांवर चौकोन चौकोन आले. हळद लागलीय की गोवर उठलाय, कळेना. मग हळद एका डिस्कवर, लग्न दुसऱ्या आणि पंगत-वरात तिसऱ्या, असं वाटून टाकलं. कॉम्प्युटर इतका जुना, की एक तुकडा बदलायला टाकला की मी माझ्या दुकानात जाऊन एका मोटारीत नवी तार भरून परत यायचो तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच असायची. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. वाया गेलेल्या डिस्क मी शेतात बांधावर दोरीला लटकवल्या, वाऱ्यानं चमकतात आणि पाखरं जवळ येत नाहीत. यंदा आपल्या ज्वारीची राखण आमच्या लग्नानंच केली.

खरा घोळ अक्षरांचा झाला. प्रीतीनं घरी बसून बोलणं ऐकून ऐकून सगळं सुंदर टाइप केलं, आणि प्लेअरनं त्याची चटणी केली. वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं फुटलेली, कुठं नुसते चौकोन. माझ्या नावाचं 'भा रत' झालं. राधेश्याम म्हणाला, "प्लेअरला मराठी येत नाही यार, ह्याला शाळेत कोण घालणार?" तोडगा प्रीतीला सुचला. अक्षरं वेगळी द्यायचीच नाहीत, चित्रातच कायमची उमटवून टाकायची. मग प्लेअरला ती वाचावी लागत नाहीत, तो चित्र समजून दाखवतो. तसं केलं, आणि पहिल्यांदा नंदाबाईंच्या टीव्हीवर नीट वाचता येईल असं मराठी उमटलं. पण ते पांढरं, आणि मांडवात निम्मे लोक पांढऱ्या कपड्यांत. धोतरावर अक्षरं विरघळून जायची. म्हणून पिवळी केली, काळ्या काठाची. तुला आवडली ती पिवळी अक्षरं अशी आली.

नुसतं बोलणं लिहून प्रीतीचं समाधान होईना. म्हणाली, अक्कांना आवाजपण कळले पाहिजेत. म्हणून ते 'बँडवाल्याचा सूर चुकला', 'मागे बकरी ओरडते', 'नवरदेवाच्या काकांचं घोरणं' वगैरे. त्यासाठी ती राधेश्यामच्या दुकानात येऊन बसायची. शेजारी भज्यांचा गाडा होता, त्या वासानं ती मधेच उठून बाहेर पळायची. आम्हाला वाटलं, पित्त झालंय. ते पित्त नव्हतं, हे तुला पुढं कळलंच. तशा अवस्थेतही ती कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य दहादा ऐकायची. मी म्हणायचो, थोडं गाळलं तर काय बिघडतंय? ती ऐकायची नाही.

आणि मग ती जागा आली. अक्षता वाटायच्या वेळची. कॅमेरावाला बायकांच्या घोळक्याजवळ उभा होता आणि त्यात प्रीतीची मावशी दुसऱ्या बाईला म्हणत होती, "बरं झालं नवरदेवाची बहीण न्हाई आली. एकेक गोष्ट चार-चारदा सांगत बसावं लागलं असतं." मी ते ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणालो, हे काढून टाक, इथं दुसरं काहीतरी लिही. मावशी तिची, लाजायचं तिनं, पण प्रीती मान हलवून म्हणाली, "मांडवात सगळ्यांना ऐकू आलं ते अक्कांनाच तेवढं कळू द्यायचं न्हाई का? मंग आपल्यात आन् मावशीत काय फरक?" आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. राधेश्याम बिचारा दोघांच्या मधे बसून कव्हरांवरची धूळ पुसत होता. शेवटी प्रीती म्हणाली, "पुढचं तरी ऐका." हेडफोन पुन्हा माझ्या कानाला लावला. मावशीच्या मागं आई उभी होती, अक्षतांचं ताट घेऊन. तोंडात दात नाहीत, वर बँडचा गोंगाट, त्यामुळं मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ती म्हणत होती, "चारदा काय, चाळीसदा सांगन मी. लेक हाये माझी. तिच्याबिगर मांडव सुना वाटून राह्यला."

अक्का, ते ऐकून मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं घरात राहून कळली नव्हती. तुझे कान गेल्यापासून आई तुझ्याशी बोलत नाही, नुसतं पाठीवरून हात फिरवते आणि चुलीकडे निघून जाते, याचं तुला किती वाईट वाटायचं. तू दाजींना म्हणाली होतीस, आईला मी नकोशी झाले. पण ती बोलणार कशी? दाजी पाटीवर लिहितात, आकांक्षा लिहिते, मी लिहितो. आईला लिहिता येत नाही. आणि दात नसलेल्या तोंडाचे ओठ तुला वाचता येत नाहीत. तिच्याकडून तुझ्याकडे यायला वाटच नव्हती. ती वाट प्रीतीनं त्या पिवळ्या ओळीत करून दिली. मावशीचं वाक्य आम्ही ठेवलं, कारण ते ठेवल्याशिवाय आईचं वाक्य उभं राहत नव्हतं.

डिस्क तयार झाल्यावर नंदाबाईंकडे शेवटची तपासणी म्हणून लावली, तर गल्ली लोटली. आपण काय बोललो होतो ते पडद्यावर वाचून लोक एकमेकांना ढकलायला लागले. जेवणाच्या पंगतीत ज्यांनी बुंदीला नावं ठेवली होती ते हळूच उठून गेले. ती मावशी त्या दिवशी आमच्याकडेच आल्ती. तिनं स्वतःचं वाक्य वाचलं. जाताना प्रीतीला म्हणाली, "राहू दे तसंच. मी बोलले तर बोलले. पण एकदा राजूरला जाऊन येते." आणि ती तुझ्याकडे येऊन गेली, पेढ्याचा मोठा पुडा घेऊन, हे तू मला सांगितलंस. तिनं कसं हळूहळू, तोंड तुझ्यासमोर धरून बोलायचा प्रयत्न केला, त्याची नक्कल तू करून दाखवलीस तेव्हा मी किती हसलो.

मी डिस्क घेऊन आलो त्या दुपारचं तुझं तुला काय दिसलं असणार? तू पडद्याकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे. सुरुवातीला तू हाताची घडी घालून ताठ बसली होतीस, आमच्यावर उपकार केल्यासारखी. बँडचा सूर चुकला, तशी ओठाच्या कोपऱ्यात हसलीस. काकांच्या घोरण्याला मोठ्यानं हसलीस. कान गेल्यापासून तुझं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं, आणि तुला कुठं माहीत, तुझं हसणं अजून तसंच आहे, शेवटाला चिमणीसारखं. मग मावशीची ओळ आली. तुझी मान खाली गेली. मान खाली राहिली तर पुढची ओळ निघून जाणार होती. मी उठणार तेवढ्यात दाजींनी तुझ्या हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला. तू वाचलंस. रिमोट दाजींच्या हातातून घेतलास, मागं नेलंस आणि पुन्हा वाचलंस. पुन्हा नेलंस. आम्हाला जेवायला उशीर झाला त्या दिवशी.

तेव्हापासून काय काय झालं बघ. आईला जेव्हा कळलं, की तिचं बोलणं अक्कापर्यंत पोचलं, तेव्हापासून ती मला सोडत नाही. पदर नीट करून ओट्यावर बसते आणि म्हणते, "घे मोबाईल, आन् खाली पिवळं लिही." पाच-सहा डीव्हीड्या झाल्या तिच्या. कधी तुझ्या लहानपणीचं सांगते, कधी मेथीचा भाव, कधी नुसती रागावते, की वाळली हायेस, दूध पीत जा. राधेश्यामनं दुकानावर 'डीव्हीडी करून मिळेल' अशी पाटी लावलीय आणि येणाऱ्या प्रत्येकाला तुझं उदाहरण देतो. आणि तू पुन्हा गल्ल्यावर बसायला लागलीस. 'मला ऐकू येत नाही, माझ्याकडे बघून सावकाश बोला, मी सगळं सांगते' असा फळा तू स्वतः रंगवून लावलास. दाजी म्हणतात, आता लोक पुन्हा दुसरीकडून नारळ घेऊन हिच्याकडे गप्पांना येऊन राह्यलेत. चिडून म्हणतात, पण सांगताना त्यांचे डोळे बघायला पाहिजेत.

आता हे पत्र कशासाठी, ते. अक्का, कान गेल्यापासून प्रत्येक बातमी तुला शिळी मिळत आली. माझं लग्न जमलं तेव्हा गावातल्या सगळ्यांना फोन गेले, आणि तुला दोन दिवसांनी दाजींनी पाटीवर लिहून दाखवलं. तू तेव्हा एवढंच म्हणाली होतीस, "माझ्याकडं सगळं खरकटं होऊन येतं." प्रीतीला मी ते कधीतरी सांगितलं होतं. काल आम्ही जालन्याला नुसतं तपासायला आल्तो. तारीख अजून पुढची होती. डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं. आज सकाळी, ऊन नुकतं खिडकीत आलं तेव्हा, मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. केस भरपूर आहेत आणि आवाज असा, की खालच्या मजल्यावरची नर्स बघायला वर आली. आईनं फोन उचलला तसा प्रीतीनं खाटेवरूनच हात वर केला आणि म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाई. आधी अक्का." माझ्या सासूबाईसुद्धा गप्प बसल्यात, त्यांना ते किती जड जात असेल, तूच समज. म्हणून मी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून हे लिहिलं. आणि आता राजूरची गाडी धरून, दाजींनासुद्धा एक अक्षर न सांगता, तुझ्या हातात देणार आहे. बारशाला पोरीच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. नाव तू ठरव, आम्ही विचारणार नाही, तिच्या कानात पडेल तेव्हाच आम्हाला कळू दे. या घरात एक तरी गोष्ट अशी असू दे, जी आधी तुला माहीत आणि मग जगाला. आणि आता मान वर कर, अक्का. मी समोरच बसलोय, हसू दाबून दाबून गाल दुखायला लागलेत. चप्पल घाल, तुझी भाची वाट बघतेय.

तुझाच,
भारत